समुद्र ओलांडायचा तर एका हलची शिडाची बोट घ्यावी की कॅटमरान?

तुम्ही विचारलंय की दोघांनी मिळून पस्तीसेक फुटांची जुनी शिडाची बोट घेऊन हिंदी महासागर ओलांडायचा, तर एका हलची (हल म्हणजे बोटीचं पाण्यावर तरंगणारं धड) घ्यावी की दोन हलांची कॅटमरान. मी राहतो कोल्हापुरात, शिरोलीत फाउंड्रीत आहे. पण त्याआधी तीन वर्षं गोव्यात बोटी दुरुस्त केल्यात. माझं मत स्पष्ट आहे: एका हलची घ्या, खाली जड कील (तळाशी पाण्यात उतरणारा वजनी कणा) असलेली.

कॅटमरान रुंदीच्या जोरावर सरळ राहते. ऐसपैस असते, कलत नाही, उथळ पाण्यात जाते. पण सामान भरत गेलात की तिचा वेग मरतो, आणि मोठ्या लाटेने एकदा पालथी केली की ती पालथीच राहते. तरंगेल, पण उभी होणार नाही. एका हलच्या बोटीला कीलमधलं वजन परत उभं करतं. 2018 च्या गोल्डन ग्लोब या एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करायच्या शर्यतीत भारतीय दर्यावर्दी अभिलाष टॉमींच्या 'थुरिया' बोटीची डोलकाठी मोडली, त्यांच्या पाठीला जबर मार बसला. तरी बोट तरंगत राहिली आणि तिसऱ्या दिवशी फ्रेंच जहाजाने त्यांना उचललं. ती लांब कीलची बोट होती, एकट्याने न थांबता पहिली पृथ्वीप्रदक्षिणा केलेल्या, मुंबईत सागवानात बांधलेल्या 'सुहैली' बोटीची प्रतिकृती. वेगच हवा असेल तर तीन हलांच्या ट्रायमरान आहेत. 2017 मध्ये फ्रेंच दर्यावर्दी फ्रान्स्वा गाबार यांनी तसल्या बोटीतून एकट्याने 42 दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा केली. पण ते आपलं काम नव्हे.

लांब कील दिशा धरून ठेवते, सुकाणूला आडोसा देते. बंदरात मागे घेताना मात्र छळते. आखूड फिन कील चपळ, वाऱ्याच्या तोंडावर चांगली चढते. ती बहुधा बोल्टांनी लटकलेली असते, आणि माझी काळजी तिथे आहे. शिशाची कील मिळाली तर उत्तम. शिसं पाण्याच्या 11.3 पट जड, बीड 7.2 पटीच्या आसपास. तेवढंच वजन बिडात ओतायचं तर दीडपट जागा लागते, शिवाय बीड गंजतं.

एका बोटीच्या आतल्या फळ्या उचलल्या तेव्हा कीलच्या बोल्टांच्या नटांभोवती तपकिरी पाणी साचलेलं होतं. पाना लावला तर नटाचे कांद्यासारखे पापुद्रे निघाले. बाहेरून रंग अगदी ताजा होता.

म्हणून बोट पाण्याबाहेर काढायला लावा. कील आणि हलच्या सांध्यावर गंजाचा ओघळ दिसला, तर एक बोल्ट काढून बघितल्याशिवाय बयाणा देऊ नका.