मुलींना भूमिती जमत नाही का?

नागपुरातील एक पालक दहावीतील मुलीला घेऊन माझ्याकडे आले होते (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत). बीजगणितात तिला उत्तम गुण मिळत. गणित भाग २ मध्ये, म्हणजे भूमितीत, विशेषतः समरूपता आणि वर्तुळ या प्रकरणांत, ती अडखळत असे. तिला वास्तुशास्त्र (आर्किटेक्चर) शिकायचे होते. "मॅडम, मुलींना आकृत्या डोळ्यांपुढे आणता येत नाहीत म्हणतात, मग हिला त्या वाटेला कशाला लावायचे?" असे वडिलांनी तिच्यादेखत विचारले. हा प्रश्न मला अनेक पालक विचारतात.

वस्तू मनातल्या मनात फिरवून पाहण्याच्या चाचण्यांत मुलग्यांची सरासरी अधिक येते, हे खरे आहे. परंतु वेळेचे बंधन सैल केले की हा फरक कमी होतो, आणि सरासरीवरून समोर बसलेल्या एका मुलीबद्दल काहीच ठरत नाही. ईशान्य भारतातील खासी आणि कार्बी या शेजारी राहणाऱ्या समाजांचा एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. तुकडे जुळवून चित्र पूर्ण करायला पितृवंशीय कार्बींमध्ये स्त्रियांना पुरुषांपेक्षा जास्त वेळ लागला, मातृवंशीय खासींमध्ये मात्र असा फरक आढळला नाही. घरात कोणाला काय करू दिले जाते, याचा परिणाम इतका खोलवर जातो, असे मला वाटते.

नंतर मी मुलीला काही उदाहरणे माझ्यासमोर सोडवायला लावली. त्रिकोण एकमेकांत गुंतलेले किंवा उलटे असले की ती संगत शिरोबिंदू (दोन त्रिकोणांतले एकमेकांशी जुळणारे कोपरे) चुकवत असे, कारण पाया आडवा असलेली आकृतीच तिच्या सवयीची होती. प्रमेये तिला चोख येत होती. मोठ्या भावाने लहानपणी सायकल खोलून जोडली होती, हिला त्या कामात कोणी बोलावले नव्हते.

गुंतलेले त्रिकोण वेगळे काढून एकाच दिशेने मांडणे, पुठ्ठ्याचे त्रिकोण कापून फिरवून पाहणे, शंकुछेद (टोक कापलेला शंकू) समजण्यासाठी गाजर आडवे कापणे, खोक्याचे तीन बाजूंनी चित्र काढणे, असा रोजचा सराव मी सुचवला आणि घड्याळ सुरुवातीला बाजूला ठेवायला सांगितले. २१७ अभ्यासांच्या २०१३ मधील आढाव्यानुसार अशा सरावाने मुलगे आणि मुली दोघांचीही क्षमता वाढते आणि ती टिकते.

सहामाहीनंतर ती आली, तेव्हा समरूपतेची उदाहरणे ती न अडखळता सोडवत होती. वर्तुळाच्या प्रकरणात स्पर्शिकांची उदाहरणे अजून अवघड जात होती. वास्तुशास्त्राच्या प्रवेशपरीक्षेची माहिती वडिलांनी स्वतः काढून आणली होती.