संध्याकाळ झाली की रडं सुरू होतं? थोडं ऐका

आधी एक सांगते, तुमचं काही चुकत नाहीये. बाळ तब्येतीनं ठणठणीत, पोट भरलेलं, तरी दिवसाला ३ तासांहून जास्त, आठवड्यातून ३ दिवस तरी टाहो फोडतं, त्यालाच कॉलिक म्हणतात. नेमकं कारण डॉक्टरांनाही सापडलेलं नाही. सहाव्या आठवड्याच्या आसपास रडण्याचा कळस होतो, तिसऱ्या-चौथ्या महिन्यापर्यंत बहुतेकांचं आपोआप थांबतं.

दूध पाजल्यावर ढेकर काढा, खांद्यावर उभं धरून फिरा, दिवे मंद करा, पंख्याची एकसुरी घरघर चालू ठेवा. माझ्या धाकटीला फक्त घरघर चालायची, थोरल्याला तीच नकोशी. एका रात्रीत पाच उपाय करू नका, बाळ आणखी बिथरतं. ग्राइप वॉटरवर माझा विश्वास नाही. मध तर वर्षाच्या आत चाटवायचाच नाही.

आणि हे नीट ऐका. हात थरथरायला लागले, डोकं तापलं, की बाळाला पाळण्यात पाठीवर ठेवा, दार ओढून घ्या आणि दहा मिनिटं बाहेर बसा. रडू दे. रडण्यानं त्याला इजा होत नाही, पण रागाच्या भरात गदागदा हलवलं तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. मीही बाथरूमचा नळ सोडून रडलेय. रात्री नवराबायकोनं पाळ्या लावून घ्या.

ताप ३८ अंश सेल्सिअसवर गेला, उलटी हिरवी झाली, शीतून रक्त आलं किंवा बाळ दूधच घेईना, तर ते कॉलिक समजून थांबू नका, लगेच डॉक्टर गाठा.