शस्त्राविना हिंसा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमची नात अकरा वर्षांची असून ती माइनक्राफ्ट हा व्हिडिओ गेम खेळते. एरवी ती त्यात घरे बांधते, गहू पेरते. पण परवा माझ्या डोळ्यांदेखत तिने एक गाय मारून मांस मिळवले आणि घरात वाद पेटला. यजमानांच्या मते ही हिंसाच आहे, तर सूनबाई म्हणतात की खेळावर सात वर्षांपुढील मुलांना चालेल असे लिहिले आहे, मग काळजी कशाला? कॉलेजात जाणारा नातू मात्र ‘पेपर्स, प्लीज’ हा पासपोर्ट तपासून शिक्के मारण्याचा खेळ खेळतो. त्यात मारामारी जवळजवळ नाहीच, तरी तो पाहताना मीच अस्वस्थ झाले. मग हिंसा नेमकी कशाला म्हणावी?
— एक वाचक, लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर : सूनबाई ज्या आकड्याचा आधार घेतात, तो युरोपात 2003 पासून चालू असलेल्या पेगी या व्हिडिओ गेमांच्या वयानुसार वर्गीकरणातला आहे. अमेरिकेत हेच काम 1994 पासून ईएसआरबी ही संस्था करते आणि माइनक्राफ्टला ‘काल्पनिक हिंसा’ असा शेरा देऊन तो दहा वर्षांपुढील मुलांसाठी ठरवते. या संस्था मुख्यतः पडद्यावर काय दिसते ते पाहतात : रक्त आहे का, मार खाणारा माणूस आहे की राक्षस, चित्रण खऱ्यासारखे आहे की कार्टूनसारखे. लहान मूल रात्री दचकून उठेल का, हे ठरवायला ही मोजपट्टी उपयोगाची आहे, म्हणून ती टाकाऊ नाही. परंतु खेळणाऱ्याच्या हातून काय करवून घेतले जाते आणि ते कोणाच्या वाट्याला येते, हा आपल्या घरातला खरा प्रश्न तिच्यात पुरेसा उतरत नाही.

माझ्या मते जिथे समोरच्याला दुखते असे खेळ स्वतःच दाखवतो आणि तरीही ते दुखणे आपल्या निर्णयातून घडते, तिथे हिंसा आहे, मग शस्त्र असो वा नसो. बुद्धिबळात अख्खे सैन्य कापले जाते, पण प्याद्याला भीती वाटत नाही, म्हणून कोणाचे आजोबा त्याला हरकत घेत नाहीत. माइनक्राफ्टमधली गाय मात्र घाव बसताच लाल होते, हंबरते, सैरावैरा पळते आणि शेवटी आडवी पडून धुरासारखी विरून जाते. तेव्हा यजमानांचे म्हणणे मला मान्य आहे. फक्त ती हिंसा अगदी सौम्य आहे आणि पोटासाठी केलेली आहे, एवढे त्यांनीही मान्य करावे. (मांसाहारी घरात हा वाद किती वेळ टिकेल, याबद्दल मला शंका आहे.)

नातवाचा खेळ अधिक गंभीर आहे. लुकास पोप यांनी 2013 मध्ये प्रसिद्ध केलेल्या या खेळात खेळणारा एका काल्पनिक हुकूमशाही देशाच्या सीमेवरचा तपासनीस असतो. क्वचित बंदूकही हाती येते, पण खेळाचा जीव कागदपत्रांत आहे. पगार दिवसभरात किती माणसे तपासली यावर ठरतो आणि संध्याकाळी त्यातूनच भाडे, जेवण, घर तापवण्याचा खर्च व आजारी माणसाचे औषध भागवायचे असते. एके दिवशी एक नवरा योग्य कागद दाखवून पुढे जातो आणि मागून पत्नी येत आहे, असे सांगतो. तिच्याकडे प्रवेशाचा परवाना नसतो आणि परत पाठवले तर जिवाला धोका आहे, असे ती विनवते. तिला सोडले तर तपासनिसाच्या नावावर चूक लागते. दिवसातल्या पहिल्या दोन चुकांना ताकीद मिळते आणि पुढच्या प्रत्येक चुकीला दंड. म्हणजे प्रवेश नाकारणारा लाल शिक्का मारण्याचे कारण द्वेष नसून घरचा जमाखर्च असतो. आपण अस्वस्थ झालात ते यामुळेच, आणि ती अस्वस्थता खेळ मुद्दाम निर्माण करतो.

बोस्नियातल्या सारायेव्हो शहराला युद्धात पडलेल्या वेढ्यावरून प्रेरणा घेतलेला ‘धिस वॉर ऑफ माइन’ (2014) हा पोलिश खेळही असाच आहे. त्यात लढाई आहे, पण सर्वांत जड जाणारा प्रसंग लढाईविना घडतो : एका वृद्ध दांपत्याच्या घरातून अन्न आणि औषधे उचलायची असतात, म्हातारा फक्त गयावया करतो आणि चोरी करून परतलेले आपलेच पात्र खचून जाते.

म्हणून नातवाचा खेळ बंद करावा, असे मी सुचवणार नाही. उलट ‘त्या बाईला तू आत सोडलेस का?’ असे त्याला अवश्य विचारावे. मारामारी नाही म्हणून खेळ निरुपद्रवी, या समजापेक्षा त्याचे उत्तर ऐकण्याजोगे असेल. नातीसाठी यजमानांना काही सोय हवी असल्यास माइनक्राफ्टमध्ये ‘पीसफुल’ ही पातळी निवडता येते. तिच्यात रात्रीचे झोंबी उगवत नाहीत आणि भूकही कमी होत नाही, त्यामुळे मांसाची गरज उरत नाही. गाय मारण्याची मुभा मात्र त्या पातळीवरही कायम असते.