कॉलेजच्या सीड मनीसाठी अर्ज करू की थेट आयसीएमआरकडे जाऊ?

प्रश्न: मी एका डीम्ड विद्यापीठाच्या हॉस्पिटलमध्ये मेडिसिनला असिस्टंट प्रोफेसर आहे. घोणस चावलेल्या पेशंटच्या किडनीला होणारी इजा लवकर ओळखता येईल का, यावर काम करायचं आहे. कॉलेज संशोधनासाठी दोन लाखांपर्यंत सीड मनी (सुरुवातीचं छोटं अनुदान) देतं. तिथे अर्ज करू की थेट आयसीएमआरकडे (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद)? आणि अर्जात काय सांभाळायचं?

उत्तर: आधी कॉलेजकडेच करा. मी बायोकेमिस्ट्री शिकवते, चार वर्षं आमच्या कॉलेजच्या संशोधन समितीवर होते आणि जवळजवळ याच विषयात माझे हात पोळलेले आहेत. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मोठ्या अनुदानाच्या अर्जात पहिली विचारणा होते ती तुमच्याकडच्या प्राथमिक आकड्यांची. तुमच्या कॅज्युल्टीत असे पेशंट किती येतात, त्यातले किती जण शेवटपर्यंत अभ्यासात टिकतात, नमुने नीट साठवले जातात का? ही उत्तरं मिळवायलाच सीड मनी असतो. मुंबईत सेठ जी. एस. मेडिकल कॉलेज आणि केईएममध्ये डायमंड ज्युबिली सोसायटी ट्रस्टच्या मदतीवर असे अभ्यास होत आले आहेत. पेशंट कमी म्हणून बिचकू नका. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचा विंचूदंशावरचा, 2011 साली बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आलेला अभ्यास 70 पेशंटचा होता. प्रश्न नेमका असला की 70 पुरतात.

आता माझं काय झालं ते. किडनी बिघडल्याचं सांगणारं रक्तातलं क्रिएटिनिन वाढेपर्यंत एक-दोन दिवस हातचे जातात, लघवीतलं एनगॅल हे प्रथिन काही तासांत वाढतं; ते घोणसदंशात उपयोगी पडेल का, हे मला बघायचं होतं. 40 पेशंट, प्रत्येकाचे दोन नमुने, त्यासाठी एलायझाची (प्रथिनाचं प्रमाण मोजण्याची चाचणी) दोन किटं, प्रत्येकात एक प्लेट. मंजुरी आली जानेवारीत. अकाउंट्सनं सांगितलं, बिलं 31 मार्चच्या आत लावा, नाहीतर पैसे परत जातील. मी घाईघाईनं दोन्ही किटं मागवली. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात थर्माकोलचा खोका आला, आतल्या डब्यावर एक्स्पायरी जुलैअखेरची. आमच्याकडे घोणसचे पेशंट वाढतात ते पेरण्या सुरू झाल्यावर. जुलै संपेपर्यंत 17 जण मिळाले. एका किटची प्लेट कशीबशी लावली आणि दुसरं किट सील न फोडता टाकून दिलं. त्यानंतर ऑक्टोबरपर्यंत पेशंट येतच राहिले, रेसिडेंट रात्री-अपरात्री नमुने घेत राहिले, फ्रीझर भरत गेला आणि ते नमुने लावायला माझ्याकडे किट नव्हतं. ज्यांनी तापात, वेदनेत असताना "घ्या मॅडम" म्हणून नमुना दिला, त्यांचं ते देणं वाया गेलं. याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून माझं एकच कळकळीचं सांगणं: पैशाचं वर्ष आणि पेशंटचं वर्ष अर्ज लिहितानाच शेजारी शेजारी मांडा. घोणसचा हंगाम जून ते ऑक्टोबर धरा. नमुने उणे 80 अंशांवर ठेवा, किटची ऑर्डर नोव्हेंबरात द्या, जानेवारीत प्लेटा लावा, फेब्रुवारीत बिलं सादर करा. मंजुरी दोन टप्प्यांत मागा, क्रायोव्हायलचा (नमुने गोठवून ठेवायच्या नळ्या) खर्च आधी आणि किटचा नंतर. समितीला हे वेळापत्रक एका पानावर दाखवलंत तर सहसा कुणी अडवत नाही. आमच्याकडे आलेले बहुतेक अर्ज पडायचे ते वेळापत्रक आणि खर्च यांचा मेळ नसल्यामुळेच.

किटचा हिशेबही नीट करा. 96 खड्ड्यांची प्लेट म्हणजे 96 पेशंट नव्हेत. ब्लँक (प्रथिन नसलेला द्राव) धरून आठ स्टँडर्ड (प्रमाण आधीच माहीत असलेले द्राव), तेही दुहेरी, म्हणजे 16 खड्डे गेले. उरलेल्या 80 मध्ये दुहेरी लावले तर 40 नमुने बसतात. प्रत्येकाचे दोन नमुने म्हटले की एका प्लेटवर फक्त 20 पेशंट. हा हिशेब चुकला की वर्षाच्या मध्यात जादा पैसे मागायची वेळ येते, आणि ते मिळत नाहीत.

वीस मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी तुम्ही एरवीही करताच, तिची वेगळी तरतूद नको. पण अभ्यासासाठी म्हणून जी चाचणी होईल तिचा एक रुपयाही पेशंटच्या बिलात किंवा जन आरोग्य योजनेच्या पॅकेजात जाता कामा नये. तीन महिन्यांनी क्रिएटिनिनला परत बोलावणार असाल (बोलवाच, किडनी सावरली की नाही ते तेव्हाच कळतं) तर येण्याजाण्याचं भाडं आणि बुडालेला रोज बजेटमध्ये धरा. आयसीएमआरच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे एथिक्स कमिटीच्या संमतीनं हे देता येतं. सोयाबीनची काढणी सोडून एसटीनं 60 किलोमीटर कोण येईल हो, नुसत्या एका रक्ततपासणीसाठी? आमच्या वेळी मी हे धरलं नव्हतं. 17 पैकी पाचच आले.

एथिक्सचं पत्र हातात आल्याशिवाय एकही नमुना नको, हे तुम्हाला माहीत असेलच. अवघड असते ती पेशंटची संमती. माणूस रात्री दोनला येतो, पाय सुजलेला, बायको रडतेय, सोबतच्यांपैकी कुणी मांत्रिकाकडे जाऊन आलेलं. अशा वेळी पुढ्यात कागद धरायचा नसतो. आधी एएसव्ही, म्हणजे सापाच्या विषावरचं प्रतिविष. नेहमीच्या तपासणीसाठी घेतलेल्या लघवीतली उरलेली बाजूला काढून ठेवायची, पेशंट सावरला की मराठीत समजावून विचारायचं आणि नाही म्हणाला तर ती टाकून द्यायची. ही पद्धत प्रोटोकॉलमध्येच लिहा, म्हणजे कमिटीची मंजुरी तिच्यासह मिळेल.

येता पावसाळा गाठायचा असेल तर मेअखेर एथिक्सचं पत्र हवं, तेव्हा कमिटीची पुढची बैठक कधी ते याच आठवड्यात विचारून घ्या. आणि क्रायोव्हायल मागवाल तेव्हा लेबलंही क्रायोचीच मागवा. साधी चिकटपट्टी उणे 80 ला सुटून येते, आणि मग रॅकमध्ये नंबर नसलेल्या नळ्या हातात घेऊन बसावं लागतं.