माझ्या रेप्लिका स्पोर्ट्स कारचे फोटो लोकांना दाखवायला संकोच वाटतो. अशा गाडीबद्दल सांगण्यासारखं काय असतं?

तुम्ही लिहिलंय की पोर्श ३५६ स्पीडस्टरची रेप्लिका नुकतीच पूर्ण केलीत. खाली फोक्सवॅगन बीटलची चासी (गाडीचा खालचा सांगाडा), वर फायबरग्लासची बॉडी. आणि फोटो टाकायला गेलं की ‘ही तर नकली’ असं कुणीतरी म्हणेल ही धास्ती. माझ्याकडे एसी कोब्राची रेप्लिका आहे, स्वतः जोडलेली, त्यामुळे ही धास्ती मला परकी नाही. माझं म्हणणं एवढंच: फोटो जरूर दाखवा, पण पहिल्याच ओळीत ती रेप्लिका आहे असं लिहून टाका.

त्या एका ओळीने पुढचं सगळं संभाषण बदलतं. गाडी कुठेही उभी केली की लोक जवळ येतात आणि पहिला प्रश्न हमखास ‘ओरिजिनल आहे का?’ हाच असतो. मी लगेच नाही म्हणतो. मग पुढचे प्रश्न फार छान येतात. इंजिन कुठलं घातलं? दारं कशी बसवली? पावसात काय करता? उत्तर टाळलं असतं तर समोरचा माणूस गाडीभोवती फिरून फक्त चूक शोधत बसला असता.

याच कारणासाठी माझ्या गाडीवर मूळ कंपनीचा बिल्ला नाही. यावर रेप्लिकावाल्यांत मतभेद आहेत आणि बिल्ला लावणारे सगळे फसवणारे असतात असं मी मुळीच म्हणणार नाही. पण कंपन्या हे प्रकरण गांभीर्याने घेतात. १९८०च्या दशकात एका गाजलेल्या अमेरिकन टीव्ही मालिकेतली काळी फेरारी डेटोना खरं तर शेवरोले कॉर्व्हेटवर बांधलेली रेप्लिका होती. फेरारीने त्या रेप्लिका बनवणाऱ्यांना कोर्टात खेचलं आणि पुढे मालिकेत खऱ्या टेस्टारोसा आल्या. मूळ गाडीचा चासी नंबर आपल्या गाडीवर ठोकणं ही मात्र सरळसरळ लबाडी आहे, त्यात मतभेदाला जागा नाही.

आता ‘नकली’ या शब्दाकडे येऊ. तुमच्या स्पीडस्टरच्या बाबतीत तर तो फारच तोकडा पडतो. ३५६ जन्माला आली तीच बीटलच्या सुट्या भागांतून. सुरुवातीच्या गाड्यांचं इंजिन, गिअरबॉक्स, सस्पेन्शन, सगळ्याचं मूळ बीटलमध्ये होतं. मागे बसवलेलं, हवेने थंड होणारं चार सिलिंडरचं इंजिन दोघींनाही. म्हणजे स्पीडस्टरच्या खाली बीटल असणं ही तडजोड वाटत असली तरी ते एका अर्थी नातंच आहे. फरक आहे तो लांबीत. बीटलच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर २,४०० मिलिमीटर आणि ३५६चं २,१०० मिलिमीटर. म्हणून बीटलचा फ्लोअर मधून कापून सुमारे ३०० मिलिमीटर कमी करावा लागतो आणि पुन्हा वेल्ड करावा लागतो. काही किटमध्ये (घरी जोडायच्या तयार भागांच्या संचांमध्ये) हे टाळून फ्लोअर पूर्ण लांबीचा ठेवतात आणि बॉडीच ताणतात. जाणकार माणूस बाजूने काढलेला फोटो बघून दाराच्या मागचं अंतर ताडतो आणि मनातल्या मनात उत्तर देतो. तुमची कापलेली आहे की पूर्ण लांबीची, हे तुम्हीच आधी सांगा. कापलेली असेल तर त्या वेल्डचा फोटो हा तुमच्याकडचा सर्वांत मौल्यवान फोटो आहे, चकचकीत रंगाच्या फोटोहून कितीतरी अधिक.

माझ्या कोब्राची वंशावळ तर आणखी गुंतागुंतीची. इंग्लंडमधल्या एसी कंपनीची ‘एस’ (Ace) ही छोटी स्पोर्ट्स कार जॉन टोजेरो यांच्या डिझाइनवरून आली, आणि त्या डिझाइनवर फेरारी १६६ बार्केटाची छाप उघड दिसते. एसमध्ये पुढे ब्रिस्टल कंपनीचं सहा सिलिंडरचं इंजिन बसू लागलं, ते युद्धाआधीच्या बीएमडब्ल्यूच्या इंजिनावरून उतरलेलं. ते इंजिन मिळणं बंद होणार असं दिसल्यावर कॅरोल शेल्बी या अमेरिकन रेसरने १९६२मध्ये त्याच बॉडीत फोर्डचं व्ही-८ बसवलं आणि कोब्रा झाली. इटालियन वळणं, इंग्लिश हातांनी ठोकलेला ॲल्युमिनियमचा पत्रा, अमेरिकन इंजिन. पुढे ४२७ घनइंचांच्या इंजिनावरून नाव पडलेली कोब्रा ४२७ आली, तर त्या नावाच्या काही गाड्यांत प्रत्यक्षात फोर्डचं ४२८ इंजिन निघतं. हे सगळं मी मूळ गाडीला कमी लेखायला सांगत नाहीये, तिच्यावर माझा जीव आहे. पण जिच्यासमोर आपण लाजतो ती गाडीही कुणाकुणाकडून घेऊनच उभी राहिली, हे माहीत असलं की मान ताठ राहते.

आणि फोटोंचंच म्हणाल तर पहिल्या कोब्राची गोष्ट ऐका. शेल्बींकडे सुरुवातीला तयार गाडी एकच होती. वेगवेगळ्या मासिकांना चाचणीसाठी देताना ते तिला दर वेळी नवा रंग देत, म्हणजे वाचकांना वाटावं की गाड्या भराभर तयार होताहेत. तीच गाडी, चासी नंबर सीएसएक्स २०००, २०१६मध्ये लिलावात १ कोटी ३७ लाख ५० हजार डॉलरला गेली. मूळ कोब्रा साधारण हजारच बनल्या. पोर्शची ५५० स्पायडर तर नव्वदच्या आसपास. या आकारांची गाडी रस्त्यावर, उन्हात, धूळ अंगावर घेऊन धावताना कुणाला दिसली, तर ती बहुतेक वेळा तुमच्या-माझ्यासारख्याचीच असते. मूळ गाडीचा मालक ती गाडी बाजारात उभी करून भाजी आणायला जाणार नाही. आपण जातो.

फोटो कसे काढावेत याबद्दल थोडं. फायबरग्लासवर डोक्यावरचं ऊन फार निर्दयी असतं. ढगाळ दिवस किंवा संध्याकाळ निवडा. पण निदान एक फोटो असा काढा की बाजूच्या पॅनलवर ट्यूबलाइटचं किंवा क्षितिजाचं प्रतिबिंब पडलंय. रेष सरळ आली तर बॉडीवर घेतलेली मेहनत न सांगता कळते. लाटा आल्या तरी दाखवा, कारण घासून घासून त्या किती कमी झाल्या हे बघायला लोकांना आवडतं. जेलकोटला (फायबरग्लासवरच्या गुळगुळीत बाहेरच्या थराला) कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा गेल्या असतील तर त्यांचाही जवळून फोटो हवा. त्या बहुधा बिजागऱ्यांजवळ किंवा जिथे बॉडी चासीला घट्ट आवळली जाते तिथे दिसतात, आणि दुसऱ्या कुणाला तो बोल्ट सैल करून खाली रबर घालण्याची अक्कल त्यातून मिळते. शेजारी माणूस उभा असलेला एक फोटोही घ्या. फोर्ड जीटी४० या रेसिंग कारची उंची फक्त ४० इंच, हे वाचून कळत नाही. छपराची कड माणसाच्या कमरेशी आलेली दिसली की कळतं. नंबर प्लेट आणि चासी नंबर तेवढे झाका.

फोटोंसोबत सांगायच्या गोष्टींबद्दल मात्र मला बरंच म्हणायचंय. माझ्या मते रेप्लिकाची खरी गोष्ट म्हणजे तुम्ही घेतलेले निर्णय. जीटी४०चंच घ्या. डॅन गर्नी हे रेसर इतके उंच होते की हेल्मेट घालून ते आत मावत नसत, म्हणून त्यांच्या गाडीच्या छतावर एक फुगवटा करावा लागला. आज जीटी४०ची रेप्लिका बांधणारे उंच लोक तोच फुगवटा स्वतःच्या डोक्यासाठी करून घेतात. इतिहासाशी इमान राखलं आणि मानही वाचली! असा निर्णय तुमच्या गाडीतही कुठेतरी असणारच. माझ्या गाडीत मी मूळच्यासारखी १५ इंची चाकं आणि जाड टायर ठेवले. १७ किंवा १८ इंची चाकांवर आधुनिक टायर सहज मिळतात, पकडही चांगली असते, पण बाजूने बघताना गाडीचा चेहरा हरवतो. स्पीडोमीटर मात्र साधा घेतला. कित्येक मूळ ४२७ गाड्यांत त्याचा काटा उलट्या दिशेने फिरतो, आणि मला रोजच्या वापरात वेग एका नजरेत वाचता यायला हवा होता. ब्रेक आणि सीट बेल्ट यांच्या बाबतीत मूळ गाडीशी प्रामाणिक राहण्याचा विचारही मनात आणू नये. साइड पाइप, म्हणजे इंजिनाचा धूर बाहेर टाकणारे बाजूचे पाइप, दाराखालूनच जातात, उतरताना पोटरी भाजते. कोब्रावाले त्या डागाला स्नेक बाइट म्हणतात आणि पाहुण्याला उतरायच्या आधी ओरडून सांगतात. हेसुद्धा लिहायचं असतं.

तुम्ही काय ठेवलं, काय सोडलं आणि का, हे लिहिलंत की वाचणारा तुमच्याबरोबर गॅरेजमध्ये येऊन उभा राहतो. कुठल्या डोनर गाडीचा (जिचे भाग काढून वापरले तिचा) कुठला भाग बसला, वायरिंग कुठून फिरवली, ब्रेकचा मास्टर सिलिंडर कुठला चालला, सगळं नावानिशी द्या. माझी गाडी उभी राहिली ती अशाच अनोळखी लोकांनी टाकलेल्या, धूसर, तेलकट हातांनी काढलेल्या फोटोंच्या जोरावर. पूर्ण झालेल्या गाडीचे दोन-तीन फोटो पुरेत, बाकी सगळे अर्धवट अवस्थेतले टाका. स्पीडस्टरच्या दाराच्या बिजागऱ्यांचा आणि पुढच्या काचेच्या चौकटीचा तर नक्कीच, मापांसकट. दार बंद केल्यावर फट वर-खाली सारखी येणं आणि ती बुटकी काच तडा न जाता बसणं, या दोन ठिकाणी पुष्कळ जण अडलेले असतात.