आजोबांची ठेव आणि गुऱ्हाळावरची रात्र

कोल्हापूरजवळच्या एका गावातून वीस वर्षांच्या मुलीचं पत्र आलं आहे. जनसंज्ञापनाच्या पदवीचं तिचं शेवटचं वर्ष चालू आहे. पाच जणांच्या गटानं मार्चअखेर एका थरारपटाची सुरुवातीची तीन मिनिटं करून दाखवायची आहेत. गोष्ट तिची, दिग्दर्शनही तिचंच. खर्चाचा अंदाज १,३८,००० रुपये. आजोबांनी तिच्या नावानं दीड लाखाची ठेव ठेवली आहे, तीन वर्षांची, ७ टक्के व्याजाची. त्यातले २८ महिने सरले, आठ उरले. अल्बम एडिटिंगची कामं करून साठवलेले २२,००० रुपये बचत खात्यात आहेत. जुलैमध्ये पुण्याला पदव्युत्तर शिक्षणासाठी जायचं आहे आणि पहिल्या वर्षाची फी १,७०,००० आहे. ती विचारते, ठेव मोडू, की एसटीत चालक असलेल्या बाबांना १५ टक्क्यांनी वैयक्तिक कर्ज घ्यायला सांगू?

‘अहो-जाहो करू नका’ असं तूच लिहिलं आहेस, म्हणून तुला अगं म्हणते.

फिल्म कर. ठेव मोडू नकोस आणि बाबांना कर्ज काढायला लावू नकोस. तू सांगितलेला प्रसंग ३३,००० रुपयांत होतो, आणि माझ्या मते १,३८,००० खर्चून होईल त्यापेक्षा चांगला होतो.

आधी ठेवीचा हिशेब. पावती मुदतीपर्यंत राहिली तर जुलैत साधारण १,८४,७०० रुपये मिळतील. फी भरून वर पुण्यातल्या खोलीचं डिपॉझिट देण्याइतके पैसे उरतील. आज मोडलीस तर बँक पूर्ण ७ टक्के देणार नाही. जितके दिवस पैसे राहिले तितक्या मुदतीचा दर लावते आणि त्यातून दंड म्हणून बहुधा अर्धा ते एक टक्का कापते. तुझ्या बाबतीत तो दर पावणेसहाच्या आसपास येईल असं धरलं, तर हातात येतात सुमारे १,७१,४००. व्याजाचं नुकसान पाच हजारांच्या घरात आहे, त्याचं मला फारसं वाटत नाही. खरी अडचण पुढे आहे. १,३८,००० खर्च झाले की उरतात ३३,४००, आणि समोर १,७०,००० ची फी. तेव्हा शैक्षणिक कर्ज घ्यावंच लागेल. म्हणजे आज फिल्मसाठी टाळलेलं कर्ज जुलैत फीसाठी घरात येणार.

बाबांच्या कर्जाचं गणित आणखी जड आहे. १,३८,००० रुपये, १५ टक्के, तीन वर्षं, तर हप्ता ४,७८४ रुपये आणि निव्वळ व्याज ३४,००० च्या वर. तीन मिनिटांची फिल्म मार्चमध्ये संपेल आणि बाबा त्यानंतरही अडीच वर्षांहून जास्त काळ हप्ता भरत राहतील. पुढे तुला शैक्षणिक कर्ज लागलं तर सहकर्जदार म्हणून बँक त्यांचंच नाव घेईल आणि चालू हप्ता त्यांच्या पगारातून वजा करून बघेल. पत्रात तू लिहिलंस, ‘बाबा नाही म्हणणार नाहीत.’ ते नाही म्हणणार नाहीत हे मलाही कळतं, म्हणून तर त्यांना विचारायच्या आधी इथं थांबायला सांगते आहे.

आता तुझं अंदाजपत्रक. वापरलेला कॅमेरा आणि लेन्स ८२,०००, लाइट्स १४,०००, पुण्याहून येणारा नट १५,०००, जेवण-प्रवास १०,०००, एका दिवसाचा ड्रोन ९,०००, एडिटिंग ८,०००. हा कागद मी दोनदा वाचला. साउंडच्या नावानं एक रुपयाही नाही. आणि तू लिहिलेला प्रसंग काय आहे? पहाटे तीनची वेळ, गुऱ्हाळावर एकटा गडी चुलवाणात (गूळ शिजवायच्या मोठ्या चुलीत) चिपाड (पिळलेल्या उसाचा वाळलेला चोथा) सारतो आहे, मागच्या चिपाडाच्या गंजीतून मोबाइलची रिंग येते. तो दुर्लक्ष करतो. रिंग थांबते, पुन्हा सुरू होते. तो गंजीत हात घालतो. फोन सापडतो, आणि फोन धरलेला हातही.

अगं, ही सगळी भीती कानातून आत येते! प्रेक्षक गंजीकडे बघतो ते रिंग ऐकू येते म्हणून. ती दबलेली, चिपाडाच्या थरांखालून आलेली वाटली पाहिजे, आणि गडी जवळ जाईल तशी मोकळी होत गेली पाहिजे. कॅमेऱ्यावरच्या माइकनं ती घेतलीस तर ऊस पिळणाऱ्या चरकाच्या घरघरीत नुसतं पिपाणीसारखं काहीतरी ऐकू येईल, आणि ८२,००० चा कॅमेरा त्यावर काही करू शकणार नाही. पैसा आधी तिथं लाव. रेकॉर्डर, बूम (लांब दांड्यावरचा माइक) आणि तो धरणारा जाणकार मुलगा किंवा मुलगी, दोन रात्रींचे मिळून ५,००० धर. रिंग वेगळी रेकॉर्ड कर, चरक बंद असताना, फोन खरोखर गंजीत पुरून, एकदा हातभर खोल आणि एकदा वितीवर. रेकॉर्डर तुझ्या ताब्यात आहे तोवर यातल्या एकाही टेकचा वेगळा खर्च नाही.

कॅमेरा विकत घेण्याबद्दल तुझा मुद्दा आहे की पुढेही उपयोगी पडेल. कोल्हापुरातल्या दुकानानं दोन लेन्ससकट २,५०० रुपये रोज सांगितलेत, हे तूच लिहिलं आहेस. ८२,००० ला २,५०० नी भागलं की जवळजवळ ३३ दिवस येतात. पुढच्या दोन वर्षांत तू स्वतःच्या खर्चानं ३३ दिवस शूटिंग करणार आहेस का? पुण्याच्या संस्थेत प्रवेश मिळाला तर तिथं कॅमेरा असेल. अल्बमच्या कामातून लग्नाच्या शूटिंगकडे वळायचं पक्कं ठरलं आणि दोन-तीन मोसमांची कामं हातात असली, तर कॅमेरा धंद्याचं अवजार होतो. मग मी वेगळं उत्तर देईन. आज तो प्रकल्पाच्या नावाखाली घेतलेली हौस आहे, आणि वापरलेल्या कॅमेऱ्याची किंमत दर वर्षी खाली जाते.

तू कोल्हापूरची आहेस म्हणून हेही सांगते. मूकपटांच्या काळात इथल्या बाबूराव आणि आनंदराव पेंटर या चुलतभावांनी आपला कॅमेरा स्वतः घडवायला घेतला. १९१६ मध्ये आनंदराव गेले, तरी बाबूरावांनी काम सोडलं नाही आणि १९१८ च्या सुमारास तो पुरा केला. त्या काळी कॅमेरा मिळवणंच मुश्किल होतं म्हणून त्यांनी इतकी वर्षं घातली. तुला तो सकाळी दुकानातून उचलून दुसऱ्या दिवशी परत करता येतो. ही सोय वापर.

भाड्यानं घेताना मात्र एका गोष्टीत हयगय नको. गुऱ्हाळात काहिलीची, म्हणजे रस उकळणाऱ्या मोठ्या कढईची, वाफ असते, राख उडते, हातांना काकवी लागते. लेन्सवर वाफ धरली, सेन्सरवर राख बसली किंवा कॅमेरा पडला तर भरपाई कोणाची आणि किती, हे दुकानदाराकडून कागदावर घे. कॅमेरा घेताना आणि परत देताना दोघांच्या समोर फोनवर व्हिडिओ काढ. छोट्या फिल्मचं अंदाजपत्रक अशाच एखाद्या अपघातानं कोसळतं.

लाइट्सचे १४,००० मी पूर्ण काढले आहेत. चुलवाणाच्या तोंडाशी जो उजेड असतो तो भाड्याच्या दिव्यांतून आणायला मोठ्या युनिटलाही मेहनत पडते. तो तुला जागेवर मिळतो आहे. जोडीला दोन थर्माकोल, एक काळं कापड आणि गुऱ्हाळावरचाच पिवळा बल्ब. फक्त आधी एका रात्री आपल्याच फोनवर चाचणी घे, कारण जाळ सारखा हलतो आणि चेहरा कधी पुरता काळा, कधी पुरता पांढरा होतो. ही चाचणी फुकट आहे आणि ती न करता कॅमेरा आणलास तर एक भाड्याची रात्र शिकण्यात जाईल. आणि गुऱ्हाळाचा हंगाम लक्षात ठेव. ऊस संपला की चुलवाण थंड होतं आणि काढलेले १४,००० परत अंगावर येतात. शूटिंग फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यापलीकडे ढकलू नकोस.

ड्रोन नको. उसाच्या फडावरून उडणारा शॉट सुंदर दिसेल हे खरं, पण ज्या क्षणी तू वरून सगळं शिवार दाखवतेस, त्या क्षणी प्रेक्षकाला कळतं की तो माणूस कुठे आहे, रस्ता कुठे आहे, मदत किती लांब आहे. त्याला ते कळू न देण्यात तुझ्या प्रसंगाची ताकद आहे. शिवाय गाव उजळाईवाडीच्या विमानतळाकडे आहे म्हणतेस. विमानतळाच्या आसपास परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही, आणि तो दंड माझ्या हिशेबात बसत नाही.

नटाचं मानधन मी कापलं, काढलं नाही. पुण्याहून माणूस आणायचा म्हणजे १५,००० शिवाय त्याचा प्रवास आणि राहणं आलंच. कोल्हापुरात राज्य नाट्य स्पर्धेसाठी वर्षानुवर्षं तालमी करणारी माणसं आहेत. त्यांतला एखादा असा शोध, ज्यानं खरंच कधी चिपाड उचललं आहे. त्याला रात्रीला १,५०० प्रमाणे दोन रात्रींचे ३,००० दे, आणि ते त्या त्या रात्रीच, हातात दे. विद्यार्थ्यांची फिल्म आहे म्हणून फुकट काम करा, असं कोणालाही म्हणू नकोस.

तालमींना पैसे पडत नाहीत, म्हणून त्या भरपूर कर. क्रिस्टोफर नोलन यांनी १९९८ चा ‘फॉलोइंग’ हा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट साधारण ६,००० डॉलरमध्ये केला. नोकरी करणाऱ्या मित्रांना घेऊन शनिवारी-शनिवारी वर्षभर शूटिंग चाललं, आणि फिल्मचा रीळ महाग म्हणून प्रत्येक प्रसंग इतका घोटून घेतला की एक-दोन टेकमध्ये काम भागावं. तुझ्याकडे रीळ नाही, पण पहाटे तीनची वेळ आहे, भाड्याचा कॅमेरा आहे आणि थकलेला गट आहे. दिवसा, त्याच जागेवर, फोन हातात घेऊन प्रत्येक शॉट एकदा करून बघ. ठरल्या दोन रात्रींतच काम उरकलं तर कॅमेऱ्याच्या तिसऱ्या दिवसाचे २,५०० वाचतील. मी तरी तीन दिवसांचे धरले आहेत.

तर ३३,००० असे: कॅमेरा तीन दिवस ७,५००, साउंड ५,०००, दोन रात्री बारा माणसांचं जेवण-चहा ४,०००, गाडी ३,०००, नट ३,०००, हार्ड डिस्क ५,०००, गुऱ्हाळमालकांना २,००० आणि अडीअडचणीला ३,५००. हार्ड डिस्क तुझ्या यादीत नव्हती. दोन रात्रींचं फुटेज एकाच लॅपटॉपवर ठेवून झोपू नकोस. गुऱ्हाळमालक काका ओळखीचे आहेत, पैसे घेणार नाहीत, असं तू लिहिलंस. तरी दे. तुझ्यासाठी ते चरक बंद ठेवतील, दोन आधणांच्या, म्हणजे काहिलीत चढवलेल्या रसाच्या दोन खेपांच्या, मधला वेळ वाढवतील, आणि तोवर तोडलेला ऊस वाळत राहील. नुकसान त्यांचं आहे. त्या पैशांसोबत गावच्या पोलीस पाटलांना आणि पोलीस ठाण्यात एक साधा अर्जही दे, तारीख आणि वेळ लिहून. चिपाडात लपवलेला रबरी हात पहाटे रस्त्यावरून जाणाऱ्याला खराच वाटेल.

एडिटिंगला शून्य. तू स्वतः एडिटर आहेस आणि डाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती या कामाला पुरून उरते. संगीत लागलंच तर परवान्यातल्या अटी वाचून घे. ‘बदल करू नये’ अशी अट असलेलं मोफत संगीतसुद्धा चित्राखाली लावता येत नाही.

आता पैसे कोणाचे? पत्रात मला सगळ्यात जास्त खटकलं ते हे. गट पाच जणांचा, गुण पाच जणांना, आणि खर्च एकटीच्या आजोबांच्या ठेवीतून. बाकी चौघांनी प्रत्येकी ५,००० द्यावेत, म्हणजे २०,०००. गोष्ट तुझी आहे म्हणून तू १३,००० घाल. बचत खात्यात तुझे ९,००० शिल्लक राहतील. कोणाला पाच हजार जमत नसतील तर जमेल तेवढे देऊ दे, पण ती बेरीज शूटिंगच्या आधी व्हायला हवी आणि फरक कोण भरणार ते सगळ्यांसमोर ठरायला हवं. एका वहीत लिहा, पाचही जणांच्या सह्या घ्या. फिल्म कोणाच्या नावावर, महोत्सवाला पाठवायची तर प्रवेश फी कोणाची, बक्षीस आलं तर वाटणी कशी, हार्ड डिस्क कोणाकडे राहणार, तेही त्याच वहीत. मैत्रीत हे लिहिताना अवघड वाटतं. मी पैशांवरून तुटलेल्या मैत्री पाहिल्या आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकांत रक्कम लहान होती, लिहिलेलं मात्र काहीच नव्हतं.

एवढं करूनही ऐन वेळी दहा-वीस हजार कमी पडले, तर ठेव न मोडता तिच्यावर कर्ज मिळतं. व्याज ठेवीच्या दरापेक्षा साधारण एक-दोन टक्के जास्त. वीस हजार सहा महिन्यांसाठी घेतलेस तर व्याज हजाराच्या आत राहील आणि पावती चालू राहील. हे दार माहीत असू दे, पण शूटिंग सुरू व्हायच्या आधी ते उघडू नकोस.

येत्या शनिवारी गटाला घेऊन गुऱ्हाळावर जा. वही ने, दोन फोन ने. एक फोन गंजीत पुरून दुसऱ्यावरून रिंग दे, आणि चुलवाणापाशी उभं राहून ऐक, किती पावलांवरून ती पहिल्यांदा ऐकू येते.