सात वर्षांची मुलगी आणि साठीची आई सोबत आहे, पुण्याहून एका दिवसात होईल असा सोपा धबधब्याचा ट्रेक कुठला?
डोळे झाकून भाजेला जा. लोणावळा लोकलने मळवलीला उतरायचं, एक्सप्रेसवेवरचा पूल ओलांडून भातखाचरांच्या कडेने रमतगमत चाललं तरी तासाभरात लेण्यांचा पायथा येतो आणि धबधबा तिथे जवळच. आम्ही पोरांना घेऊन दर पावसाळ्यात जातो म्हणून खात्रीने सांगते. वर लेण्यांपर्यंत पायऱ्या आहेत पण शेवाळ असतं, चपला नकोत, आईंचा हात धरा. आणि वर गेलात की चैत्यगृहाच्या, म्हणजे बौद्ध प्रार्थनेच्या दालनाच्या, छतातल्या लाकडी कमानी लेकीला नक्की दाखवा, दोन हजार वर्षांहून जुनं लेणं आहे ते! फक्त रात्रभर धो धो पाऊस झाला असेल किंवा पाणी एकदम गढूळ झालं तर धबधब्याखाली अजिबात जाऊ नका, लोंढा पटकन वाढतो.